दगडाबाईच्या गाडीची फ्री सर्व्हिसिंग

कल्याण आणि त्याची बायको ज्ञानेश्वरी ऊसतोडीला निघाली, त्या दिवशी टोळीचा ट्रॅक्टर मारुतीच्या पारापाशी येऊन उभा होता. गोधड्या, भांडी आणि पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या ट्रॉलीत चढल्या होत्या. मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. कल्याण मात्र घराच्या पडवीत आईला, दगडाबाईला, गाडी कशी सांभाळायची ते शिकवत होता.

गाडी म्हणजे मोटारसायकल. दसऱ्याला घेतलेली, लाल रंगाची, नंबर प्लेटच्या वर 'कानिफनाथ प्रसन्न' लिहिलेली. ती सोबत न्यायचा त्याचा विचार होता, पण ट्रॉलीत जागा नाही असं मुकादमानं सांगितलं. शिवाय मागच्या हंगामात एकाची गाडी उसाच्या फडात बैलगाडीखाली आलेली कल्याणनं स्वतः पाहिली होती.

“हे हँडल लॉक,” तो म्हणाला. “अशी मान वाकडी करायची आन् चावी फिरवायची.”

“मान वाकडी करायची,” दगडाबाई म्हणाली.

“ही साखळी. मागल्या चाकातनं घ्यायची, खांबाला येढा द्यायचा आन् कुलूप लावायचं. दोन्ही चाव्या तुझ्याकडं. कुनाला द्यायच्या न्हाईत.”

“कुनी मागितल्या तर?”

“न्हाई म्हनायचं.”

“आपल्यातल्याच कुनी मागितल्या तर?”

“तवा तर आधी न्हाई म्हनायचं.”

दगडाबाईनं मान हलवली. गाडी घरी आली तेव्हा हळदीकुंकू तिनंच वाहिलं होतं आणि चाकाखाली लिंबूही तिनंच ठेवलं होतं. मग ज्ञानेश्वरी मागं बसून जामखेडला जाऊन आली. “आई, तुला उद्या फिरवतो,” असं कल्याण म्हणाला होता. पण उद्या सोयाबीन काढायला आलं, मग दिवाळी आली आणि मग ट्रॅक्टर आला. दगडाबाईचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

ट्रॅक्टर गेला. दगडाबाईची धोंडेवस्ती खर्डा रोडपासून आत आहे आणि दिवाळीनंतर तिथली निम्मी घरं कुलूप लावून बसतात. उरतात ती म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली पोरं. कुलपं एवढी असतात की चोर आला तर कुठून सुरुवात करावी हे त्यालाही समजू नये.

दगडाबाईनं गाडीवर गोधडी घातली आणि रोज सकाळी ती उचलून गाडी आहे का ते बघायला सुरुवात केली. गाडी रोज असायची.

मग एके दिवशी पोलीस पाटलानं देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, की आसपासच्या गावांतून मोटारसायकली चोरीला जात आहेत, तरी सर्वांनी आपापली गाडी घराच्या आत लावावी, कुलूप घालावं आणि अनोळखी इसमावर लक्ष ठेवावं. हे त्यानं दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना भोंगा मध्येच बंद पडला. दगडाबाईला वाटलं, पुढं आणखी काही महत्त्वाचं असणार.

तिनं स्वतःच्या डोक्यानं उपाय केला. शेळी गाडीला बांधली. अनोळखी माणूस दिसला की शेळी ओरडते, हा तिचा अनुभव होता. शेळी ओरडली, पण ती ओळखीच्या माणसालाही ओरडली, कोंबडीला ओरडली आणि कोणी नसताना सीटचा कोपरा खाल्ला. दगडाबाईनं शेळी सोडली आणि बैलाची जुनी घुंगुरमाळ हँडलला बांधली. माळ वाऱ्यानं वाजायची. शेजारची झुंबरबाई सकाळी डोळे चोळत आली आणि म्हणाली, “दगडे, चोर आला तर आला. पन आमाला झोपू दी.”

तेव्हा सूर्यभान मदतीला आला. सूर्यभान तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याच्याकडे एक जुनी मोपेड होती आणि त्यामुळे यंत्राच्या बाबतीत वस्ती त्याला विचारायची.

“वहिनी, चोर काय नेतो? चालती गाडी नेतो,” तो म्हणाला. “गाडी चाललीच न्हाई तर तो नेनार काय?”

दगडाबाईला हे पटलं. सूर्यभाननं टाकीतलं पेट्रोल थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत काढलं आणि सुरक्षिततेसाठी आपल्या घरी नेलं. मग त्याला वाटलं, पेट्रोल काय, चोर बरोबर आणेल. म्हणून त्यानं प्लग काढला आणि तोही नेला. दोन्ही चाकांतली हवा सोडली. झुंबरबाई हे सगळं बघत उभी होती. ती म्हणाली, बॅटरी मी ठेवते, माझ्या ट्रंकेला चांगलं कुलूप आहे. बॅटरी लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत गेली. गाडीची चावी दगडाबाईनं ज्वारीच्या कोठीत तळाशी घातली आणि साखळीच्या कुलपाची चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली.

पुढच्या वेळी कल्याणचा फोन लागला तेव्हा त्यानं विचारलं, “गाडी हाय ना नीट?”

“हाय की,” दगडाबाई म्हणाली. “सगळ्यांकडं थोडी थोडी हाय.”

फडातल्या गोंगाटात कल्याणला शेवटचं वाक्य ऐकू आलं नसावं, कारण तो बरं म्हणाला.

असे काही आठवडे गेले आणि एका दुपारी दोन माणसं मोटारसायकलवरून धोंडेवस्तीत आली. दोघांच्या अंगात निळे शर्ट होते, गळ्यात ओळखपत्रं लटकत होती. पुढं बसलेल्याचं नाव सुनील, मागच्याचं गोरक्ष. हे दोघे चोर होते. हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण दगडाबाईला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि तोवर सगळ्यांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

त्यांची पद्धत साधी होती. रात्री कुलपं तोडायची, कुत्री मागं लावून घ्यायची, असलं काही ते करत नसत. ते दिवसा जात. फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेत आणि कोणाच्या घरी नवी गाडी आली, घरचा माणूस कुठं असतो, असं सहज विचारत. माहिती काढायला कष्ट पडत नसत. मग त्या घरी जाऊन सांगत, की शोरूममधून आलोय, पहिली फ्री सर्व्हिसिंग आहे, गाडी नेतो आणि संध्याकाळी आणून देतो. लोक गाडी देत, वर पाणीही देत.

“मावशी, कल्याणदादांची गाडी इथंच ना?” सुनीलनं विचारलं. “सर्व्हिसिंगची तारीख आलीय. फ्री आहे. दादांनीच फोन केला होता.”

दगडाबाई शेंगा फोडत बसली होती. सर्व्हिसिंग हा शब्द तिनं कल्याणच्या तोंडून ऐकला होता. तिनं कल्याणला फोन लावला. फोन बंद होता. तिनं पुन्हा लावला. मग तिनं फोन पदराला पुसला आणि विचार केला.

“गाडी न्यायची न्हाई,” ती म्हणाली. “काय करायचं ते हितं करा. माझ्या म्होरं.”

“इथं मशीन नाही ना मावशी.”

“कसलं मशीन?”

“धुवायचं.”

“धुवायला मी हाय.”

सुनीलनं गोरक्षकडं बघितलं. वाद घालण्यात वेळ जातो, हा त्यांचा अनुभव होता. गाडी एकदा सुरू झाली की झालं. “बरं, इथं थोडं बघतो,” तो म्हणाला. “मग गरज वाटली तर नेऊ.”

दगडाबाईनं गोधडी काढली, गळ्यातल्या चावीनं साखळी सोडली आणि कोठीत खांद्यापर्यंत हात घालून गाडीची चावी काढली. सुनीलनं चावीतले ज्वारीचे दाणे झटकले, ती लावली आणि फिरवली. काहीच झालं नाही.

“बॅटरी उतरलीय,” तो म्हणाला.

“उतरली न्हाई. झुंबरकडं हाय.”

सुनीलनं सीटखाली बघितलं. बॅटरीच्या जागी बॅटरी नव्हती. मग गोरक्ष खाली वाकला आणि म्हणाला, “प्लगपण नाही.”

“त्यो सूर्यभान भावजीकडं हाय. पेट्रोलपन त्येंच्याकडंच हाय,” दगडाबाई म्हणाली. “आजकाल चोऱ्या लई व्हायल्यात, म्हनून.”

“चांगलं केलंत,” सुनील म्हणाला.

इथं ते निघून जाऊ शकले असते. पण गाडी नवी होती, शेळीनं खाल्लेला कोपरा सोडला तर सीटही चांगली होती आणि बॅटरी तर शेजारच्याच घरात होती. गोरक्ष बॅटरी आणायला गेला.

झुंबरबाईनं त्याला दारात थांबवलं. शोरूमचा माणूस आहेस ना, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग तिनं त्याला घरामागं नेलं. तिथं तिच्या मुलाची मोटारसायकल वर्षभर बंद उभी होती आणि तिच्या आरशावर दोडक्याचा वेल चढला होता.

“ही चालू करून दी,” ती म्हणाली. “मंग बॅटरी देते.”

“मावशी, ही आमच्या कंपनीची नाही.”

“दोन चाकं हायेत ना?”

गोरक्ष पूर्वी केडगावच्या एका गॅरेजात कामाला होता. मालकाशी खटकलं म्हणून त्यानं ते सोडलं आणि सुनीलबरोबर फिरायला लागला. पाने, पकडी त्याच्या पिशवीत अजूनही असत, पण बऱ्याच दिवसांत त्यानं ती हत्यारं नंबर प्लेट बदलण्यापलीकडं वापरली नव्हती. त्यानं वेल बाजूला केला, कार्बोरेटर खोलला आणि आत मुंगळ्यांनी भरलेली माती बघितली. “अरे अरे अरे,” तो म्हणाला आणि खाली मांडी घालून बसला.

सुनील बोलवायला आला तेव्हा गोरक्ष एका तारेनं छिद्र साफ करत होता.

“पाच मिनिटं,” गोरक्ष म्हणाला.

“तू काय करतोयस?” सुनीलनं हळू आवाजात विचारलं.

“जेट चोंदलाय.”

सुनील प्लग आणायला स्वतःच सूर्यभानकडं गेला. सूर्यभानला आनंद झाला. त्यानं सुनीलला बाजेवर बसवलं आणि विचारलं, की ऑइल कोणतं वापरता, थंडीत चोक किती ओढायचा आणि नव्या गाड्यांना कार्बोरेटर का नसतो. सुनीलला गाडी चालवता येत होती आणि बोलता येत होतं, यापलीकडं त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. “कंपनीचा निर्णय आहे,” असं त्यानं तिन्ही प्रश्नांना सांगितलं. सूर्यभाननं प्लग दिला, पण मोपेडचा ब्रेक लागत नाही, तेवढा जोडीदाराला बघायला सांगा, असं म्हणत मोपेड ढकलत तोही मागं आला.

फ्री सर्व्हिसिंगवाले आल्याची बातमी तोवर वस्तीभर झाली होती. झुंबरबाईच्या घरामागं सायकली आल्या. फवारणीचा पंप आला. बायडाबाई शिलाई मशीन डोक्यावर घेऊन आली आणि हे गाडीत मोडतं का, असं कोणीतरी विचारल्यावर म्हणाली, “याला बी चाकच हाय.” गोरक्षनं शिलाई मशीनमध्ये तेल घातलं. मग झुंबरबाईच्या गाडीला किक मारली. गाडी दोनदा खोकली, बुडाशी साचलेली सगळी धूळ उडवली आणि सुरू झाली. झुंबरबाई आत गेली, ट्रंक उघडली आणि लुगड्यातली बॅटरी घेऊन आली. तिचा मुलगाही फडात होता. त्यानं ही गाडी दोनदा भंगारात द्यायला काढली होती.

शेवटी सगळं एके ठिकाणी आलं. गोरक्षनं कल्याणच्या गाडीत बॅटरी बसवली, प्लग बसवला, चेनला तेल दिलं, नटबोल्ट आवळले. दगडाबाईनं गाडी धुतली. सायकलच्या पंपानं हवा भरायला सुनीलला लावलं, कारण तो मोकळा उभा होता. पेट्रोल सूर्यभाननं आणलं. एकच बाटली होती आणि तीही अर्धी.

“बाकीचं?” दगडाबाईनं विचारलं.

“उडून जातं वहिनी,” सूर्यभान म्हणाला. “झाकन लावलं तरी उडतं.”

गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. सुनीलनं घाम पुसला.

“झाली ना सर्व्हिसिंग?” दगडाबाई म्हणाली.

“ट्रायल राहिली. ट्रायल घ्यावीच लागते मावशी. एक चक्कर मारून आलो.”

दगडाबाईला कल्याणचं बोलणं आठवलं. चावी कोणाला द्यायची नाही. चावी तर आता गाडीतच होती आणि गाडीवर हा माणूस बसला होता. म्हणजे तिनंही गाडीवर बसायला हवं होतं. ती पडवीच्या ओट्यावर चढली, सुनीलच्या खांद्यावर हात टाकला आणि मागं बसली.

“तुम्ही कशाला मावशी?”

“गाडीजवळ ऱ्हाते,” ती म्हणाली. “चल.”

गोरक्ष मोपेडचं इंजिन पोत्यावर खोलून बसला होता. सुनीलनं जाताना त्याला डोळ्यानं खूण केली. गोरक्षनं ती बघितली नाही.

वस्तीबाहेर पडल्यावर सुनील फाट्याकडं वळला आणि पुढं खर्डा रोडला लागला. दगडाबाईनं पदर डोक्यावर घट्ट ओढून दातांत धरला. रस्त्यावर तुरीची शेतं होती, मध्येच ज्वारी होती. तिनं या रस्त्यानं पायी, एसटीनं आणि वडापच्या भरगच्च भाड्याच्या जीपमधून पुष्कळदा प्रवास केला होता, पण वारा असा समोरून कधी लागला नव्हता.

“ट्रायल किती लांब असती?” तिनं विचारलं.

“असते थोडी लांब.”

“बरं हाय,” दगडाबाई म्हणाली.

थोडं पुढं गेल्यावर सुनीलनं गाडी हळू केली. “मावशी, मागच्या चाकातून आवाज येतोय. जरा उतरता का?”

“उतरले असते. पन माझे गुडघे धरल्यात. खाली उतरले तर चढायला ओटा लागंल. हितं कुठं ओटा?”

सुनीलनं आजूबाजूला बघितलं. ओटा नव्हता. सुनील चोर होता, पण म्हाताऱ्या माणसाला ढकलून देण्याचं काम त्यानं कधी केलं नव्हतं आणि ते कसं करतात हे त्याला माहीतही नव्हतं. त्यानं गाडी पुन्हा चालवायला घेतली.

“पुढं डाव्या हाताला एक रस्ता लागंल,” दगडाबाई मागून बोलत होती. “तिकडं माझी सुरेखा दिलीय. कल्याणची थोरली बहीन. पंचमीला आलती, त्याच्यानंतर भेट न्हाई. तिच्याकडं म्हशी हायेत, तिला निघता येत न्हाई. मला हिकडं गाडी सोडून जाता येत न्हाई. राखन कुनी करायची?”

सुनीलनं हे ऐकलं आणि त्याला एकदम मोकळं वाटलं. म्हातारीला लेकीच्या दारात उतरवायचं, ‘तुम्ही बसा, मी गाडी धुऊन आणतो’ म्हणायचं आणि निघायचं. इतकं सोपं असताना आपण उगाच डोकं लावत बसलो, असं त्याला वाटलं.

“मग जाऊया की सुरेखाताईंकडं,” तो म्हणाला.

“खरंच?” दगडाबाई म्हणाली.

डाव्या हाताचा रस्ता कच्चा होता. गाव समोर दिसायला लागलं आणि गाडीनं आचके दिले. सुनीलनं गाडी एका अंगाला कलती करून बघितली, पण पेट्रोल संपलं होतं. मग तो खाली उतरला. दगडाबाईही उतरली. सुनील हँडल धरून गाडी ढकलायला लागला आणि दगडाबाई मागच्या कॅरिअरला एक हात लावून चालायला लागली. समोरून येणारी माणसं तिला ओळखत होती.

“पाव्हनं कोन म्हनायचं?” एकानं विचारलं.

“शोरूमचे हायेत,” दगडाबाई म्हणाली. “ट्रायल चाललीय.”

सुरेखा गोठ्यात होती. आईला बघून तिनं शेणाचे हात तसेच वर धरले आणि रडायला लागली. दगडाबाईही रडली. सुनील गाडी स्टँडवर लावून बाजूला उभा राहिला आणि शर्टाच्या बाहीनं मान पुसत राहिला. तेवढ्यात सुरेखाचा नवरा बिभीषण शेतातून आला. त्यानं सासूच्या पाया पडून सगळी हकीकत विचारली आणि सुनीलचे आभार मानले.

“पेट्रोल मी आनतो,” तो म्हणाला. “दुकानात बाटलीत मिळतं. तुमी जेवून घ्या.”

“नको, मला उशीर होतोय. पेट्रोल मिळालं की लगेच निघतो,” सुनील म्हणाला.

“जेवल्याबिगर कसं? एवढं ढकलत आनलं तुमी.”

सुनील जेवायला बसला. पिठलं होतं, बाजरीची भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. सकाळपासून त्याच्या पोटात फाट्यावरच्या चहाशिवाय काही नव्हतं. तो तीन भाकरी जेवला. तेवढ्यात बिभीषण पेट्रोल घेऊन आला. त्यानं ते गाडीत ओतलं, गाडी ढकलत गोठ्यात म्हशींच्या पलीकडं नेऊन लावली, दाराला कुलूप घातलं आणि सुनीलच्या समोर येऊन बसला.

“बाहेर ठेवायची सोय न्हाई राह्यली,” तो म्हणाला. “हिकडं पन दोन गाड्या गेल्या. दिवसाढवळ्या.”

“ऐकलं मी,” सुनील म्हणाला.

“शोरूमचे म्हनून येत्यात म्हनं.”

“काय लोक असतात.”

बिभीषण त्याच्याकडं बघत राहिला. “तुमचं शोरूम कोन्तं म्हनलात?”

सुनीलनं ताटात पाणी सोडलं. हात धुऊन येतो, म्हणून तो उठला, मोरीपाशी गेला, तिथून परसात गेला आणि परसातून रस्त्यावर. मग तो पळायला लागला. बिभीषण मागं धावला, पण कोपऱ्यावर खर्ड्याकडं जाणारी वडापची जीप भरून निघाली होती आणि सुनील तिच्या मागच्या फळीवर लटकला होता.

“पळाला कामून त्यो?” दगडाबाई म्हणाली. “ताकपन घेतलं न्हाई.”

बिभीषणला शंका आली होती, पण सासू आल्यासारखी दोन घास सुखानं खाईल म्हणून तो त्या संध्याकाळी काही बोलला नाही.

तिकडं धोंडेवस्तीत गोरक्षला सुनीलचा फोन आला. गोरक्षनं फोन ठेवला, पाने पिशवीत भरले आणि उद्या येतो म्हणून सांगितलं. झुंबरबाईनं त्याला पायलीभर शेंगा बांधून दिल्या. सूर्यभान त्याच्या गाडीपुढं उभा राहिला, कारण मोपेडचं इंजिन पोत्यावर मोकळं पडलं होतं. “एक सामान आणावं लागेल,” गोरक्ष म्हणाला. त्यानं जाताना मागं वळून पोत्याकडं बघितलं. त्याला काम अर्धं टाकायला आवडत नव्हतं, असं सूर्यभान पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत असे.

दुसऱ्या दिवशी कल्याणचा फोन लागला.

“मी कुनाला पाठवलं न्हाई,” तो म्हणाला. “आई, गाडी गेली का?”

“न्हाई. हितं हाय, सुरेखाकडं.”

“मंग काय गेलं?”

दगडाबाईनं आठवून बघितलं. “काहीच न्हाई.”

मग फोन ज्ञानेश्वरीनं घेतला आणि सासूबाईंना काही लागलं-बिगलं तर नाही ना, ते विचारलं. लागलं नाही, असं सांगून दगडाबाई खाली बसली. काल त्या रस्त्यावर आपण कोणाच्या खांद्याला धरून बसलो होतो, हे तिला एकेक करून समजत गेलं. सुरेखानं तिला पाणी दिलं. ती त्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिला राग आला आणि राग आल्यावर बरं वाटलं. शेळी झुंबरबाई बघत होती, म्हणून ती संक्रांत होईपर्यंत लेकीकडंच राहिली. नंतर बिभीषणनं तिला त्याच गाडीवरून घरी आणून सोडलं. झुंबरबाईनं बॅटरी ठेवायला मागितली, पण दगडाबाईनं दिली नाही. गाडी अख्खीच राहू दे, म्हणाली.

बिभीषणनं पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथून निरोप आला. दोघे पकडले गेले होते आणि ओळख पटवायला यायचं होतं. बिभीषण तिला घेऊन गेला.

हवालदार पन्नाशीचा, सावकाश बोलणारा होता. त्यानं सुनीलला समोर उभं केलं.

“हाच का?”

“ह्योच.”

सुनील खाली बघत होता. “मावशी, गुडघे कसे आहेत?” तो म्हणाला.

“तू बोलू नको,” हवालदार म्हणाला आणि त्याला आत पाठवलं. मग त्यानं कागद पुढं ओढला. “आजी, तुमचं काय काय चोरीला गेलं?”

“काही न्हाई.”

“नुकसान?”

“न्हाई. सर्व्हिसिंग झाली.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि बिभीषणकडं बघितलं. बिभीषण भिंतीकडं बघत होता. हवालदारानं पेन पुन्हा उचललं आणि बराच वेळ लिहिलं. मग जबाब वाचून दाखवला. आरोपीनं शोरूमचा कर्मचारी असल्याचं भासवून, मला फूस लावून, माझ्या इच्छेविरुद्ध वाहनावर बसवून नेले, असं त्यात होतं.

“ते तसं न्हाई,” दगडाबाई म्हणाली. “खोटं बोलला ते खरं हाय. ते लिव्हा. पन बसवलं न्हाई त्यानं. मी आपली बसले. आन् लेकीकडं चल, मीच म्हनले.”

“आजी, कायद्याची भाषा अशीच असते.”

“आसंल. पन मी बसले.”

हवालदारानं ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि दोन्हीकडं सही केली. दगडाबाईनं खाली आपलं नाव लिहिलं. तिला नाव लिहायला वेळ लागला आणि कोणी घाई केली नाही.

बाहेर ऊन चढलं होतं. ठाण्यासमोर रसवंती लागली होती. बिभीषणनं दोन ग्लास रस घेतला. दगडाबाई तो उभ्यानंच प्यायली आणि तिनं ग्लास फळीवर ठेवला.

“आनखी एक घ्या,” बिभीषण म्हणाला.

“नगं.”

झालेलं सांगायला तिनं फोन काढला आणि कल्याणला लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. फडात असणार. रसवंतीच्या चरकातून ऊस सरकत होता आणि बाजूला चोथ्याचा ढीग वाढत होता. ती कानाला फोन लावून तिकडं बघत उभी राहिली.